कार्ड काढून ठेवा

केजच्या बसस्टँडसमोर एका मोबाइल कंपनीचं छोटं दुकान होतं. काचेचं दार, आत दोन काउंटर आणि नेमका एप्रिलमध्ये बिघडणारा एक पंखा. डावीकडच्या काउंटरवर मी सोळा वर्षं बसले. आता दुकान बंद झालंय. लोक रिचार्ज घरून करतात, तक्रारीला यंत्र उत्तर देतं. या अंकासाठी लिहा म्हणताना संपादक म्हणाले, "जरा गमतीजमती येऊ द्या, ताई." गमती भरपूर आहेत. रेंज येत नाही म्हणून फोन दोन दिवस आमच्याकडं मुक्कामाला ठेवून गेलेले एक आजोबा आहेत. "सासूचा फोन मला लागला नाही पाहिजे, पण मी बंद केलाय हे तिला कळलंही नाही पाहिजे," अशी गळ घालणारी एक सूनबाई आहे. पण लिहायला बसले की हे सगळे मागं सरकतात आणि गयाबाई पुढं येतात. म्हणून त्यांचंच लिहिते. त्यांच्या आधी बप्पांचं सांगावं लागेल, कारण सुरुवात तिथून झाली.

बप्पा म्हणजे तालुक्यातले मोठे बागायतदार. दूध संघात त्यांच्या शब्दाला वजन. घरातले, पुतण्यांचे, ड्रायव्हरचे असे पंचवीसेक पोस्टपेड नंबर त्यांच्या एकट्याच्या नावावर. संघानं त्यांना एकदा दुभत्या जनावरांचा अभ्यास करायला युरोपात पाठवलं. जायच्या आधी ते दुकानात आले आणि म्हणाले, "म्याडम, फोन तिकडं चालला पाहिजे बरं का." मी फॉर्म भरून घेतला, परदेशातलं रोमिंग सुरू केलं आणि "फोटो पाठवा" असं हसत सांगून त्यांना निरोप दिला.

महिन्याभरानं बप्पा तीन माणसं घेऊन जीपमधून उतरले. हातात बिल. आकडा सांगत नाही. त्यात एक चांगली दुभती म्हैस आली असती.

"मी तिकडं एक फोन लावला न्हाई, कुणाचा उचलला न्हाई. मग हे कशाचं?"

"बप्पा, तुम्ही नाही लावला. फोननं त्याचं त्याचं काम केलं."

"म्हंजे फोन माझा अन् मर्जी त्याची?"

मागची माणसं हसली. बप्पा हसले नाहीत.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. परदेशात गेलं की आपला फोन तिथल्या कंपनीच्या टॉवरला चिकटतो. तो टॉवर पाहुण्याला फुकट काही देत नाही. आणि फोन खिशात गप्प बसलाय असं आपल्याला वाटतं, तो गप्प नसतो. ग्रुपवरचे व्हिडिओ उतरवून घेतो, फोटो कुठं कुठं साठवतो, स्वतःला नवं करत राहतो. पॅक घेतलेला नसेल तर त्यातल्या कणाकणाचे पैसे लागतात. बप्पा तिकडं गोठे बघत होते आणि खिशातला फोन पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ आणि अख्ख्या तालुक्याची 'शुभ सकाळ' परदेशी दरानं उतरवून घेत होता. यावर उपाय अगदी साधा असतो. फोनमध्ये 'डेटा रोमिंग' नावाचं एक बटण असतं. ते बंद केलं की फोन वाजतो, कुणाचा आलाय ते दिसतं, पण इंटरनेटवरून काही ओढून घेत नाही. नुसता वाजला तर पैसेही पडत नाहीत; उचलला तरच पडतात.

हे मी बप्पांना सांगितलं नव्हतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता आणि मी स्वतः पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते.

कंपनीनं अर्धं बिल माफ केलं. बप्पांनी सगळेच नंबर दुसऱ्या कंपनीकडं नेले आणि पुढचा लग्नाचा हंगामभर प्रत्येक पंगतीत माझी हकिगत सांगितली. मला कंपनीच्या संभाजीनगर ऑफिसातून मेमो आला, 'ग्राहकास पूर्वकल्पना दिली नाही.' तोवर माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तो कागद मी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर उघडला की तो दिसायचाच.

त्यानंतर मी बदलले. नेपाळला देवदर्शनाला निघालेले असोत, मक्केला उमऱ्यासाठी निघालेले असोत की दुबईला कामाला, माझं सगळ्यांना एकच सांगणं, "कार्ड काढून ठेवा. आल्यावर घाला." ते बटण मी दाखवत नसे. प्रत्येक फोनमध्ये ते वेगळ्या जागी असतं, समजावून सांगायला वेळ लागतो, लोकांच्या हातून ते चुकून परत चालू होतं आणि मग बिल घेऊन ते माझ्याकडंच येतात. कार्डच काढलं की प्रश्न मिटला. खरंच, त्यानंतर एकही तक्रार आली नाही. एका मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला अभिमान वाटला होता, तो लपवत नाही.

आता गयाबाई.

गयाबाई आणि त्यांचे मालक लिंबाजीमामा केजजवळच्या एका वाडीवरचे. बावीस हंगाम दोघांनी ऊस तोडला. पहिल्यांदा दुकानात आल्या त्या स्वतःच्या नावावर कार्ड घ्यायला. त्याला मशीनवर अंगठा लागतो. गयाबाईंचा अंगठा उठेना. मी ओल्या फडक्यानं पुसून बघितला, दहाही बोटं ठेवून बघितली. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. त्या हसायला लागल्या. "ऱ्हाऊ द्या म्याडम. उसानं खाल्ल्यात बोटं." शेवटी कार्ड मुलाच्या, सुदामच्या नावावर घेतलं. तो तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता.

पुढं सुदामला नोकरी लागली, तो जर्मनीला गेला, तिकडंच लग्न होऊन स्थिरावला. त्यानं आईबापांचा कोयता सोडवला. आईला मोठा फोन घेऊन दिला आणि तिचा नंबर पोस्टपेड करून बिल स्वतः भरायला लागला. लिंबाजीमामांनी मात्र बटणाचाच फोन मागितला. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. म्हणून मी दोनच्या बटणावर गयाबाईंचा नंबर लावून दिला. दाबून धरलं की त्यांना फोन जाणार. दोघांनी तिथंच करून बघितलं. मामा माझ्यासमोर आणि मावशी दारापाशी.

"ह्यॅलो, कोन बोलतंय?" मामा जोरात म्हणाले.

"तुमची बायकू! केज तालुक्यातून!"

अख्खं दुकान हसलं होतं.

वाडीवरून बाजारला आल्या की गयाबाई माझ्याकडं डोकावून जात. आलेले मेसेज वाचून दाखवणं हे माझं कामच झालं होतं, त्यांचे आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणांचे. गॅसचा नंबर लागला, बँकेत काही जमा झालं, लसीची तारीख आली. लोक फोन उघडून सरळ माझ्या हातात देत. माणूस आपला फोन असा दुसऱ्याच्या हातात देतो, तेव्हा तो किती विश्वास टाकतो, हे त्या काळात माझ्या मनातही आलं नाही.

सुदामला मुलगा झाला. त्यानं आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं. मामांना ते पटलं नाही. दोघं माझ्याकडं आले होते तेव्हाही भांडतच आले.

"म्हशीचं कोन बगंल?" मामा म्हणाले.

"तुमी बगा की. नातू काय रोज व्हतो का?"

"जा मग. तिकडंच ऱ्हा."

"ऱ्हाते. मला फोनबी करू नका," गयाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसल्या. मामांनी ते हसणं बघितलं नाही. ते दाराकडं वळले होते.

दोन दिवसांनी सुदामचा फोन आला. "मॅडम, आईच्या नंबरला परदेशातला पॅक टाकू का? निदान चालू तरी राहील."

"कशाला?" मी म्हटलं. "घरी वायफाय असेलच ना तुझ्या? कार्ड काढून ठेव. त्यांच्या हातून काही दाबलं गेलं तर बिल कुठं जाईल सांगता येत नाही." मी त्याला बप्पांची हकिगतही ऐकवली. तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं."

जायच्या आदल्या दिवशी गयाबाई आल्या. मी कार्ड काढलं, कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या बटव्यात टाकलं. त्यांनी विचारलं, "मग ह्येंचा फोन आला तर?"

"सुदाम दर रविवारी लावेल की मामांना. तेव्हा बोला."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागं चारपाच माणसं उभी होती. ते बटण बंद करून द्यायला मला दोन मिनिटं लागली असती.

जानेवारी होता. अर्धी वाडी तोडीला गेलेली. उरलेली म्हातारी माणसं दुपारी दाराला कडी लावून पडलेली. लिंबाजीमामा शेतातल्या गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. तिथंच त्यांचा उजवा हात गळाला, मग पाय, आणि ते दावणीजवळ पडले. दिवस मावळताना शेजारची म्हातारी दुधाला आली, तिनं बघितलं. गाडी मिळून अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली. असल्या दुखण्यात पहिल्या काही तासांत आणलं तर एक इंजेक्शन देता येतं, असं डॉक्टरांनी सुदामला फोनवर सांगितलं. दुखणं नेमकं कधी सुरू झालं असंही त्यांनी विचारलं. ते सांगणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गयाबाई परत आल्या. दवाखान्यातून कपडे आणायला वाडीकडं निघाल्या होत्या, केजला गाडी बदलायची होती, म्हणून दुकानात शिरल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. अंगावर जर्मनीतलं जाड जाकीट तसंच होतं. त्यांनी बटव्यातून पुडी काढून काउंटरवर ठेवली.

"ह्ये घालून द्या म्याडम. सुदामचा फोन येतो सारखा, दुसऱ्यांच्या फोनवर."

मी कार्ड घातलं. फोननं रेंज पकडली आणि तो वाजायला लागला. एक मेसेज, दुसरा, तिसरा. थांबेचना.

फोन बंद असताना कुणी लावून बघितलं, तर कंपनी तसा मेसेज ठेवून देते आणि फोन चालू झाला की तो पोचवते. अमुक नंबरवरून, अमुक वाजता. मी वाचत गेले. सगळे एकाच नंबरचे. मामांचा तो नंबर मला पाठ होता, मीच दिला होता. पहिला, मामा पडले त्या दुपारचा, एक वाजून वीस मिनिटांचा. मग एक पंचवीस. मग दीड. असे अकरा. शेवटचा चार वाजून दहा मिनिटांचा.

दावणीजवळ पडलेला माणूस डाव्या हातानं एकच बटण दाबून धरत होता. त्यातला एक जरी फोन तिकडं वाजला असता, तरी गयाबाईंनी सुदामला सांगितलं असतं, सुदामनं वाडीवर दहा फोन केले असते.

"कशाचं वाजतंय वो एवढं?" गयाबाईंनी विचारलं.

मी मान वर केली नाही. "काही नाही मावशी. कंपनीच्या जाहिराती आहेत."

आणि अकराही मेसेज मी पुसून टाकले.

बाईला आणखी दुःख नको म्हणून मी तसं केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. ते अर्धंच खरं. कार्ड काढायला कुणी सांगितलं होतं, हे त्या मेसेजमधून समोर येत होतं. मला ड्रॉवरमधला कागद आठवला. सुदामनं तक्रार केली तर दुसरा येईल, हेही त्याच क्षणी मनात आलं. दुसऱ्याचा नवरा दवाखान्यात असताना मी स्वतःच्या मेमोचा विचार करत होते. सोळा वर्षांत लोकांचे हजारो मेसेज मी वाचून दाखवले, खोटा एकदाच वाचला.

गयाबाईंनी फोन घेतला, माझ्या तोंडाकडं थोडा वेळ बघितलं आणि त्या गाडीला गेल्या. त्यानंतर दुकानात परत कधी आल्या नाहीत.

दुकान बंद व्हायचं ठरलं, तेव्हा मी वाडीवर गेले. आधी जायला हवं होतं. वर्ष उलटून गेलं होतं. काळीपिवळी जीपमधून फाट्यावर उतरले आणि चालत घरापर्यंत गेले. मामा ओसरीत बाजेवर टेकून बसलेले. गयाबाई चुलीपुढं होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं.

पाणी न पिताच मी बोलायला लागले. त्या दिवशी काय आलं होतं, मी काय वाचलं, काय पुसलं, सगळं. बोलताना त्यांच्याकडं बघवत नव्हतं, तरी या वेळी बघितलं.

गयाबाई म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं. जाहिरात वाचून कुनाचं त्वांड असं पडत न्हाई."

"मग विचारलं का नाही मला?"

"तुमी पुसलं. आता काय इचारायचं?" मग त्यांनी विचारलं, "किती येळा लावलता?"

"अकरा."

"शेवटला कवा?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

त्यांचे ओठ हलले. दुपारपासून चारपर्यंतचे तास त्या बोटांवर मोजत असाव्यात. "म्हंजे चारपतुर शुदीवर हुते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, ओसरीकडं बघत म्हणाल्या, "म्याडम, कार्ड कशापायी काढलं ते मी त्यान्ला शंभरदा सांगितलं. पटत न्हाई. मी जाताना बोलले हुते ना, फोन करू नका म्हनून. त्यांच्या मनात तेच बसलंय. रागानं फोन बंद करून ठिवला म्हनत्यात. बोलता येत न्हाई, पर मला कळतं. माझ्या हातचा घास घेत न्हाईत. पुतन्याची बायकू येऊन भरवती, तवा जेवत्यात. मी समोर गेले की त्वांड फिरवत्यात."

मी त्या सकाळी खरं बोलले असते, सुदामला सांगितलं असतं, दवाखान्यात जाऊन मामांसमोर उभी राहिले असते, तर हे वर्ष या घरात असं गेलं नसतं.

"मला सांगून काय व्हनार," गयाबाई म्हणाल्या. "त्यान्ला सांगा."

मी ओसरीत गेले. बाजेजवळ खाली बसले, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसेल. त्यांनी ओळखलं.

"मामा, मावशींनी फोन रागानं बंद केला नव्हता. कार्ड मी काढलं होतं, माझ्या हातानं. त्या मला म्हणत होत्या, ह्येंचा फोन आला तर काय करू. मीच म्हटलं, राहू द्या. तुमचे अकरा फोन आले होते. ते मी बघितले आणि मावशींना सांगितलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. चूक माझी आहे, त्यांची नाही."

मामांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. तोंडाची डावी बाजू हलली. बऱ्याच प्रयत्नानं एक शब्द आला.

"काड?"

"व्हय," गयाबाई मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. "कार्ड. म्याडमनी काढून ठिवायला लावलं. मी तेच सांगत हुते तुमाला."

मला वाटलं मामा ओरडतील, डावा हात उचलतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. गयाबाई आत गेल्या, ताटलीत भाकरी कुस्करून दूध घालून घेऊन आल्या आणि बाजेच्या कडेला बसल्या. त्यांनी घास पुढं केला.

मी उठले. "येते मामा," म्हटलं.

मामांनी माझ्याकडून तोंड फिरवलं आणि गयाबाईंच्या हातातला घास घेतला.